दोघांच्या भागीदारीत एक गेला तर धंद्याचं काय होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. शिरोली एमआयडीसीत तुम्ही आणि तुमचे मित्र मिळून कास्टिंगच्या मशिनिंगचं जॉबवर्क करता. भागीदारी निम्मी-निम्मी. डीड, म्हणजे भागीदारीचा करारनामा, बँकेला हवा म्हणून सुरुवातीला केलेला, आणि त्यात या विषयावर एकच ओळ: ‘भागीदाराच्या निधनाने फर्म विसर्जित होणार नाही, वारस त्याच्या जागी येतील.’ मित्राची नुकतीच बायपास झाली आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: त्यांचं काही बरंवाईट झालं तर वहिनी आपोआप भागीदार होतात का, मृत्युपत्र किंवा नॉमिनी लावून भागतं का, आणि तोवर त्यांच्याकडून थोड्या कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवाव्यात का.

मी सीए आहे. कोल्हापूर-सांगली भागातल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, आडत दुकानं अशा भागीदारी फर्मची कामं बरीच वर्षं करतोय. खाली लिहितोय ते त्या अनुभवातून. डीडचा मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या, कारण तुमचं जुनं डीड, जागेचे कागद आणि कर्जाचे कागद बघितल्याशिवाय शेवटचा शब्द कोणीच देऊ नये.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त अडचणीचं आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यातलं कलम 42 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. तुम्ही म्हणाल, आमच्या करारात वेगळं ठरलंय की. पण भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. दोघांपैकी एक गेला की उरलेला एकटा कोणाशी भागीदारी करणार? सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली हेच सांगितलं: दोनच भागीदार असतील तर फर्म चालू ठेवण्याचं कलम उपयोगाचं नाही, फर्म संपते. मागाहून वारसाला घेऊन भागीदारी करता येते, पण तो नवा करार, त्याला वारसाचीही संमती हवी आणि तुमचीही. त्यामुळे तुमच्या डीडमधल्या त्या ओळीवर विसंबून राहू नका. तीन किंवा जास्त भागीदारांच्या फर्ममध्ये अशी ओळ कामाची असते. तुमच्याकडे ती बहुधा कुठल्यातरी नमुन्यातून आली असावी.

आता खरा प्रश्न. वहिनी भागीदार होतील का, याने तुमची झोप उडालीये. माझ्या मते तो दुय्यम आहे. वहिनींना बहुतेक मशीन शॉप चालवायचं नसेल आणि तुम्हालाही त्यांच्यासोबत ते चालवायचं नसेल. त्यांना पैसे हवे असतील, तुम्हाला धंदा हवा असेल. म्हणजे ठरवायच्या गोष्टी दोनच उरतात: मित्राच्या वाट्याची किंमत किती, आणि ते पैसे येणार कुठून. या दोन्ही गोष्टी आज ठरवणं सोपं आहे, कारण आधी कोण जाणार हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. किंमत जास्त धरली तर कदाचित तुम्हालाच भरावी लागेल, कमी धरली तर कदाचित तुमच्याच घरच्यांचं नुकसान होईल. म्हणून आज निघणारा आकडा आपोआप रास्त निघतो. माणूस गेल्यानंतर दोन बाजू पडतात आणि मग प्रत्येक बाजूला एकेक वकील उभा राहतो.

तुमच्या लिहिण्यातून एक गोष्ट जाणवली. आधी मित्रच जाणार असं तुम्ही धरून चालला आहात. बायपास झालेली माणसं पथ्य पाळून पुढे खूप वर्षं जगतात, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की माल घेऊन आठवड्यातून दोनदा रात्रीचे चाकणला जाता. व्यवस्था दोन्ही बाजूंनी सारखी करा.

काहीच ठरवलेलं नसताना पहिल्या महिन्यात काय होतं ते आता सांगतो, कारण त्याची कल्पना बहुतेकांना नसते. बँकेला कळलं की सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) खातं थांबतं. मॅनेजरला तुमच्याबद्दल राग असतो असं नाही. खातं तसंच चालू ठेवलं तर पुढे जमा होणारे पैसे कायद्याच्या हिशेबाने सर्वांत जुन्या उचलीपोटी वळते होतात, आणि मयत भागीदाराच्या इस्टेटीवरची बँकेची वसुली हळूहळू पुसली जाते. याला बँकवाले क्लेटनचा नियम म्हणतात. 1816 सालचा हा इंग्लंडमधला निकाल, आणि तो खटलाही एका खासगी बँकेतला भागीदार वारल्यावरूनच उभा राहिला होता. म्हणून बँक जुन्या खात्यावर रेघ मारते, त्या दिवशीचं येणं पक्कं करते आणि नवीन कागद मागते. इकडे तुमच्या पगाराची तारीख जवळ आलेली असते आणि पार्टीचे पैसे त्या थांबलेल्या खात्यात जमा होत असतात.

तिकडे जीएसटीचं वेगळंच. पोर्टलवर अधिकृत सही करणारे म्हणून मित्राचं नाव असेल तर ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल घरी कपाटात, पासवर्ड कोणाला माहीत नाही, घरात दहावं-बारावं चाललंय आणि 20 तारखेला रिटर्न भरायचंय. अशा वेळी वहिनींना फोन करून ‘जरा ओटीपी सांगता का’ म्हणायची पाळी येते. शिवाय फर्म संपली आणि तुम्ही एकट्याने मालक म्हणून धंदा चालू ठेवलात तर पॅन बदलतो, म्हणून जीएसटी नंबरही नवा घ्यावा लागतो. जुन्या नंबरवर शिल्लक असलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नव्यावर न्यायला आयटीसी-02 हा फॉर्म आहे. तो वेळेत भरला नाही तर स्वतःचेच पैसे अडकून पडतात. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर त्यांच्याकडे व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदीचा नंबरही नव्याने काढावा लागतो, आणि तिथल्या खरेदी विभागाला तुमच्या दुःखाशी देणंघेणं नसतं.

यातलं एक काम याच आठवड्यात करा. जीएसटी, आयकर, बँक, वीज, एमआयडीसी या सगळीकडे तुम्हा दोघांचीही नावं आणि दोघांचेही मोबाइल नंबर लागलेले आहेत का, ते तपासा. जीएसटीत एकापेक्षा जास्त अधिकृत सही करणारे ठेवता येतात. याला वकील लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

वारस कोण, हाही मुद्दा लोक गृहीत धरतात. तुम्ही सगळीकडे ‘वहिनी’ लिहिलंय. मित्र हिंदू असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांचा वाटा सारखा असतो. वडील या पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. तुमच्या मित्राची आई आहे, एक मुलगी लग्न होऊन पुण्याला आणि मुलगा शिकतोय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वहिनींचा वाटा पाव. उद्या तुम्ही वहिनींशी तोंडी ठरवून पैसे दिलेत, तर जावईबापू ‘आमच्या हिच्या वाट्याचं काय’ म्हणून विचारू शकतात, आणि ते चूक नसतील. मित्राच्या आई पुढे वारल्या की त्यांच्या पाव वाट्यावर मित्राच्या भावा-बहिणींचाही हक्क येतो. धर्म वेगळा असेल तर नियम वेगळे. कोणी गोव्याचं असेल तर तिथल्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे निम्मी मालमत्ता मुळातच जोडीदाराची असते, तिथून हिशेब सुरू होतो.

म्हणून मृत्युपत्र हवंच, दोघांचंही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करून घ्या म्हणतो, कारण मागाहून ‘ही सही बाबांची नाहीच’ या वादाला आळा बसतो. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मात्र मृत्युपत्राने पैशातला हक्क देता येतो, भागीदाराची खुर्ची देता येत नाही. सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार येत नाही, हा कायद्याचा मूळ नियम आहे.

नॉमिनीबद्दल तर फार गैरसमज आहे. भागीदारीतल्या वाट्याला नॉमिनी लावायची सोयच नसते. कंपनीच्या शेअरना असते, पण तिथेही नॉमिनी मालक होत नाही. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईतून गेलेल्या खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं: कंपनी नॉमिनीच्या हाती शेअर देते, पण खरा हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरतो. तेव्हा ‘नॉमिनी लावा, काम झालं’ असं कोणी सांगत असेल तर ते सोडून द्या.

आता किमतीकडे येतो. सगळ्यात जास्त भांडणं मी इथेच बघितली आहेत. बहुतेक डीडमध्ये लिहिलेलं असतं, ‘ताळेबंदाप्रमाणे भांडवल खात्यातली रक्कम वारसांना द्यावी.’ ऐकायला ठीक वाटतं. पण ताळेबंदातलं मशीन हे बाजारातलं मशीन नसतं. 30 लाखांना घेतलेल्या व्हीएमसी मशीनवर दरवर्षी 15 टक्के घसारा टाकला की पाच वर्षांनी पुस्तकात 13 लाख 31 हजार उरतात. बाजारात ते मशीन कदाचित 18 ला जाईल.

समजा तुमच्या फर्मचा ताळेबंद असा आहे (आकडे माझे, तुम्ही तुमचे घाला). दोघांचं भांडवल प्रत्येकी 24 लाख, मिळून 48. मशिनरी पुस्तकात 46 लाख, बाजारभावाने 70, म्हणजे 24 लाख वर. येण्यांपैकी 6 लाख जुनी उधारी, जी बुडाल्यातच जमा आहे, ती वजा. कामगारांची ग्रॅच्युइटी 4 लाख, जी पुस्तकात धरलेलीच नाही, तीही वजा. खरी मालमत्ता 62 लाख, प्रत्येकी 31. आता नावलौकिक, म्हणजे गुडविल. तीन वर्षांचा सरासरी नफा, दोघांनी काहीही पगार न घेता, 30 लाख. तुम्ही दोघं जे काम करता ते पगारी माणसांकडून करून घ्यायचं तर प्रत्येकी 9 लाख जातील. ते 18 वजा केले की 12 लाख उरतात. हा धंद्याचा स्वतःचा नफा, बाकीची तुमची मजुरी. याची दोन वर्षांची खरेदी, म्हणजे या नफ्याची दुप्पट, धरली तर गुडविल 24 लाख, प्रत्येकी 12. म्हणजे वाट्याची किंमत 43 लाख झाली. ‘भांडवल खात्याप्रमाणे’ म्हटलं असतं तर 24.

दोन वर्षंच का? कारण जॉबवर्कमध्ये लौकिक बराचसा माणसाच्या अंगाला चिकटलेला असतो. पार्ट्यांशी बोलणी मित्र करत असतील तर ते गेल्यावर दोन पार्ट्या तरी डळमळतील. स्वतःचा ब्रँड असलेल्या मसाल्याच्या धंद्यात मी चार वर्षंही धरली आहेत. मशीन शॉपला एक ते दोन, त्याहून जास्त नको. हे माझं मत. दुसरा सीए वेगळं सांगेल, आणि त्यात तो चुकलाच असं नाही. तुम्ही दोघं आज कुठल्या आकड्यावर राजी होता, त्याला महत्त्व.

गुडविलबद्दल डीड गप्प ठेवू नका. खुशाल खेमगर शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये सांगितलं की गुडविल ही फर्मची मालमत्ताच आहे, आणि मृत्यूनंतर फर्म चालू राहणार असं डीडमध्ये असलं तरी वारसांचा गुडविलमधला वाटा बुडत नाही. द्यायचा तर कसा मोजायचा ते लिहा, द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

हिशेब न करता तुम्ही तसाच धंदा चालू ठेवलात तर कलम 37 आहे. मयताची मालमत्ता वापरून तुम्ही कमावलेल्या नफ्यातला भाग किंवा त्याच्या रकमेवर सालिना 6 टक्के व्याज, यातलं काय घ्यायचं ते वारस ठरवतात. 43 लाखांवर 6 टक्के म्हणजे वर्षाला 2 लाख 58 हजार. धंदा जोरात असेल तर ते नफाच मागतील. ‘बघू पुढे, घरचंच आहे’ म्हणत तीन वर्षं काढली की या आकड्याचं काय होतं ते तुम्हीच काढा. एका आडत दुकानाच्या प्रकरणात असंच झालं. वारलेल्या भावाचं खातं पुस्तकात तसंच ठेवलं होतं, पुतण्याने सज्ञान झाल्यावर हिशेब मागितला. तोवर मधल्या वर्षांच्या वह्याही धड नव्हत्या.

पैसे कुठून आणायचे? पहिलं उत्तर विमा. तुमच्या आयुष्यावर मित्राने टर्म पॉलिसी काढायची, मित्राच्या आयुष्यावर तुम्ही. ज्याने काढली त्याच्या हातात पैसे येतात आणि त्यातून तो दुसऱ्याच्या घरच्यांचं देणं चुकवतो. फर्मच्या नावाने पॉलिसी काढली तर फर्मलाच पैसे मिळतात, आणि दोघांची फर्म तर त्याच क्षणी संपलेली असते. मग ‘विम्याच्या पैशातही आमचा निम्मा वाटा’ असा वाद उभा राहू शकतो. तुमच्यासारख्या फर्मला मी एकमेकांच्या नावाची पॉलिसीच सुचवतो.

पण तुमच्या मित्राची बायपास झालीये. त्यांना टर्म विमा मिळणार नाही किंवा हप्ता न परवडणारा येईल, असं धरून चला. अर्ज करून बघा, फक्त आजार लपवू नका. पहिल्या तीन वर्षांत विमा कंपनी माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा फेटाळू शकते, आणि हॉस्पिटलचे कागद काही लपत नाहीत. म्हणजे तुमच्यासाठी विमा, त्यांच्यासाठी दुसरी वाट, अशी विषम व्यवस्था करावी लागेल. त्यात वावगं काही नाही.

ती दुसरी वाट हप्त्यांची. इथे लोक घाईने ‘तीन वर्षांत देईन’ लिहून मोकळे होतात. वरच्याच आकड्यांवर बघू. मित्र नसताना त्यांचा निम्मा नफा, 15 लाख, तुमच्याकडे येतो. त्यांच्या जागी माणूस ठेवायला 9 जातात. हातात जास्तीचे 6 लाख, तेही पार्ट्या टिकल्या तर. 43 लाखांपैकी पाव, म्हणजे पावणेअकरा लाख, सुरुवातीला दिले तर सव्वाबत्तीस उरतात. तीन वर्षांत फेडायचे तर वर्षाला पावणेअकरा लाख, पाच वर्षांत फेडायचे तर साधारण साडेसहा. म्हणजे पाच वर्षं जेमतेम जमतात, तीन वर्षांत तुमचा गळा आवळतो. व्याज वेगळंच. आणि सुरुवातीचे पावणेअकरा लाख आणणार कुठून? दोघांनी आजपासून उचलीतून दरमहा 20-20 हजार बाजूला काढून दोघांच्या नावाची ठेव केली, तर तीन वर्षांत व्याज सोडून 14 लाख 40 हजार होतात. दोघंही ठणठणीत राहिलात तर त्यातून नवं मशीन घ्या, कोणी नको म्हणणार नाही.

हप्त्यांइतकाच एक मुद्दा वारसांच्या बाजूने बघायला हवा. सीसीला तारण कोणाचं घर आहे? मित्राचं असेल तर ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांचं छप्पर तुमच्या पुढच्या धंद्यासाठी गहाण राहतं. जामिनाबाबत कायदा सांगतो की जामीनदाराच्या मृत्यूनंतरच्या नव्या व्यवहारांना त्याची इस्टेट बांधील नसते, पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच. आणि बँकेच्या छापील कागदात बहुधा ते वेगळं ठरलेलं असतंच. अमुक महिन्यांत घर सोडवून देईन आणि तोवर मशिनरीवर वारसांचा हक्क राहील, असं कलम घाला. माझ्या मते गुडविलच्या आकड्याहून हे महत्त्वाचं. मित्राला स्वतंत्र विमा मिळत असेल, तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी काढायला सांगा. ते पैसे धनकोंच्या हाती लागत नाहीत. तुमच्या घरासाठीही तेच करा.

आता रचना. फर्म संपूच नये म्हणून तिसरा भागीदार घ्या, बायकोला किंवा मुलाला एक टक्का द्या, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. कायद्याने तो बरोबर आहे, तिघांपैकी एक गेला तरी फर्म टिकते. पण एक टक्क्याचा भागीदारही फर्मच्या पूर्ण कर्जाला जबाबदार असतो. धंदा बसला तर बँक तिच्या दागिन्यांपर्यंत आणि माहेरून आलेल्या जमिनीपर्यंत पोहोचू शकते. केवळ डोकी मोजायला घरच्या बाईला या खड्ड्यात उतरवणं मला पटत नाही.

त्यापेक्षा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, बघा. तिचं अस्तित्व भागीदारांहून वेगळं असतं. एक गेला तरी पॅन, जीएसटी, व्हेंडर कोड तेच राहतात. एकटा उरलेला भागीदार सहा महिन्यांच्या आत दुसरा घेऊ शकतो. त्यापुढे जाणूनबुजून एकट्यानेच चालवली तर त्या काळातली देणी त्याच्या अंगावर येतात. बायकोचं नाव आत घेतलं तरी तिची जबाबदारी तिने कबूल केलेल्या भांडवलापुरती, वैयक्तिक हमीवर सही केली नसेल तर. मात्र एलएलपीच्या करारात वाट्याची किंमत लिहिली नाही, तर वारसांना प्रत्यक्ष भरलेलं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला वाटा एवढंच मिळतं. म्हणजे किमतीचं कलम इथेही टळत नाही. खर्च वाढतो: दरवर्षी दोन फॉर्म, आणि उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर असेल तर ऑडिट. प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचा आहे, तेव्हा तो फर्मच्या नावावर आहे की दोघांच्या वैयक्तिक नावावर, हे आधी बघा. नाव बदलायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं, कधीकधी तेवढ्यावरच सगळं गणित फिरतं.

प्रायव्हेट लिमिटेड तुमच्या आकाराला मला जड वाटते. केलीत तर शेअर आधी एकमेकांनाच विकायचं बंधन कंपनीच्या नियमावलीत घाला. नुसत्या आपसातल्या करारातलं बंधन कंपनीला लागू होत नाही, हे 1991 सालीच सर्वोच्च न्यायालयात ठरलंय.

एवढं सगळं लगेच करणं जमणार नसेल तर निदान नवं डीड करा. त्यात फर्म ‘चालू राहील’ असं लिहू नका. एक गेला तर उरलेल्याला धंदा, नाव आणि मशिनरी विकत घेण्याचा हक्क राहील, आणि वारसांना ठरल्या रीतीने किंमत मिळवण्याचा हक्क राहील, असं लिहा. घेण्याची मुदत, किमतीची रीत, हप्ते, व्याज, तारण सोडवण्याची मुदत, सगळं आकड्यांत. वाद झाला तर कुठला सीए मूल्यांकन करेल तेही. दरवर्षी ताळेबंदावर सही करताना वाट्याची त्या वर्षीची किंमत एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. वारसांना पैशाऐवजी मशीन किंवा जागा द्यायची असेल तर मसुद्याआधी कराचा हिशेब करून घ्या, 2021 पासून ते नियम कडक झाले आहेत. फर्मची निबंधकांकडे नोंदणी आहे का तेही बघा. नसेल तर एरवी उधारीच्या वसुलीचा दावासुद्धा अडतो.

वहिनींना आणि तुमच्या घरच्यांना हे डीड दाखवा. त्यांची सही कायद्याने लागत नाही, तरी मी दोघींना एकदा समोर बसवतो. नंतर कागद पहिल्यांदाच दिसला की तो कितीही रास्त असला तरी फसवणूक वाटतो. मित्राकडे विषय कसा काढायचा म्हणाल, तर त्यांच्या बायपासवरून काढू नका. स्वतःच्या विम्याच्या अर्जावरून काढा: ‘मी गेलो तर हिला काय मिळणार, ते लिहून ठेवू या.’

राहिला कोऱ्या चेकचा प्रश्न. घेऊ नका, आणि तुमचेही देऊ नका. माणूस गेल्यावर त्याच्या सहीचा चेक वटवला तर वारसांना तुमच्यावर संशय घ्यायला जागा मिळते, आणि पैसे खरंच पगारालाच गेले हे सिद्ध करत बसावं लागतं. कुलमुखत्यारपत्राचाही इथे उपयोग नाही, देणारा गेला की ते संपतं. खातं ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशा सहीवर करून घ्या, म्हणजे मित्र आजारपणात घरी असताना तरी व्यवहार अडणार नाही. ते गेल्यानंतर मात्र ते खातं थांबणारच. म्हणून तुमच्या एकट्याच्या नावावर दोन महिन्यांचे पगार आणि विजेचं बिल भागेल एवढी रक्कम वेगळी ठेवा, आणि मित्रालाही त्यांच्या नावावर तेवढीच ठेवायला सांगा.